वेबसाइटलाही दार असतं

वाईच्या हळदीला गिऱ्हाईक कमी नाही, तरी गेल्या वर्षी आमच्या गटानं स्वतःची वेबसाइट काढली. फोटो झकास. दरपत्रक छापलेलंच होतं, त्याचाच फोटो काढून टाकला. मासिक बैठकीत मी कौतुकानं दाखवत होते, तेवढ्यात आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "माझ्या फोनवर लावा बघू." ताईंना अजिबात दिसत नाही, त्यांचा फोन बोलतो. त्यांनी पडद्यावरून बोट फिरवलं आणि फोन म्हणाला, "चित्र. चित्र. बटण. बटण." हळदीचा दर काय, विकत घ्यायचं बटण कुठलं, काही कळेना. ताई म्हणाल्या, "दुकान उघडलंय म्हणता, पण आत कुणी बोलतच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते ती वाचून दाखवते, मराठीतसुद्धा. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते तयार केलं, 2006 पासून. पण यांना वाचायला शब्द लागतात. फोटोतला दर आणि नाव न दिलेलं बटण ही सोय नीट सांगू शकत नाही. आपल्या वाईतच विश्वकोशाचं कार्यालय आहे. त्या विश्वकोशाच्या नोंदी आता इंटरनेटवर मजकूर म्हणून आहेत, त्यामुळे फोन त्या वाचतो. एवढा मोठा ग्रंथ बोलतो आणि आमचं अर्ध्या किलोचं पाकीट गप्प!

मग ताई खरेदी कशी करतात? शेजारच्या मुलाला हाक मारतात. फोन त्याच्या हातात द्यायचा, पिन सांगायचा, आलेला ओटीपी त्यानंच वाचायचा. आपण दर बैठकीत घसा फोडून सांगतो की पिन कुणाला देऊ नका, आणि इथं दुकानदारच ती वेळ आणतो. बरं, मागवायचे असतील पॅड किंवा आतले कपडे, तर? शेजारच्या मुलाला सांगायचं?

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले 29 लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. सगळेच अंध नाहीत. ऐकू न येणाऱ्याला "ऑर्डरसाठी फोन करा" एवढंच लिहिलेलं काय कामाचं? व्हिडिओत खाली अक्षरं नसतील तर तो नुसता ओठ हलताना बघणार. हात थरथरणाऱ्याला बारीक बटण दाबता येत नाही. आणि मोतीबिंदू झालेल्या सासूबाई तर घरोघरी आहेत. आम्ही हळदीचं पान म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं घातली होती, ती मलाच उन्हात दिसेनात.

कायदाही आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू होतो. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं आणखी पुढचं सांगितलं. खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात ना? अॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या बायकांनी ते कसं करायचं? त्या कोर्टात गेल्या, एक अंध अर्जदारही गेले. कोर्टानं म्हटलं, अशा सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला बँका आणि ओळख पडताळणीपुरता होता, पण छोट्या दुकानदारानंही त्यातून समजून घ्यावं.

खर्चाची भीती घालून घेऊ नका. आमची वेबसाइट करणाऱ्या मुलाला दोन दुपारी लागल्या. दर अक्षरात टाईप केले, प्रत्येक फोटोला "हळद पावडर, अर्धा किलो" असं शब्दांत नाव दिलं, बटणावर "विकत घ्या" लिहिलं, अक्षरं काळी केली, फोनशेजारी व्हॉट्सअॅप दिलं. नवीन वेबसाइट करतानाच सांगितलं असतं तर हेही वेगळं करावं लागलं नसतं. आमच्यात अंगठा करणाऱ्या दोन आजी आहेत, त्याही आता दर ऐकून घेतात.

तुमचं दुकान तपासायचं तर फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःचीच एक वस्तू मागवून बघा. एकदा दाबलं की तो वाचतो, दोनदा दाबलं की उघडतो. मात्र बंद कसं करायचं ते आधी शिकून घ्या. मी शिकले नव्हते, सबंध संध्याकाळ फोन माझ्याशी बडबडत होता.

ताईंनी परवा स्वतः दोन पाकिटं मागवली, पिन कुणाला न सांगता. लगेच तक्रारही आली, पोचवण्याचा खर्च फार लावता म्हणून.