भैरवगढचा एकटा यात्रिक

यात्रा म्हटली की आपल्याकडे अजूनही जथाच डोळ्यांसमोर येतो. भाड्याची बस, शेजारपाजारची मंडळी, फराळाचे डबे आणि दर तासाला घाई करणारा व्यवस्थापक, असे ते चित्र असते. अलीकडे मात्र किनारपट्टीवरील तरुण, आणि तरुणीही, पाठीवर पिशवी टाकून एकट्याने देश पाहावयास निघू लागले आहेत. घरची वडीलधारी माणसे याची चिंता करतात. आम्हांला ही प्रथा स्वागतार्ह वाटते. जथ्यातल्या माणसाला मनाजोगते थांबता येत नाही, एकट्याला येते. आणि उज्जैनच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी वसलेल्या भैरवगढात थांबल्याखेरीज काहीच हाती लागत नाही.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक'चे उद्घाटन झाल्यापासून उज्जैनकडे माणसांचा ओघ फार वाढला आहे. २०२८ च्या सिंहस्थात तो आणखी वाढेल. यांतील पुष्कळ जण महाकालेश्वराचे दर्शन घेऊन रिक्षाने कालभैरवापर्यंत येतात आणि तशाच रिक्षाने परत फिरतात. ज्या वस्तीला स्थानिक लोक 'भेरूगढ' म्हणतात, जिथे छिपा कारागीर कापडावर मेणाने नक्षी काढतात, ती वस्ती त्यांच्या दृष्टीस पडतच नाही.

आपल्या वाचकांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. गोमंतकातील मंगेशी गाव १७३९ मध्ये श्रीमंगेशास इनाम मिळाला, तोही याच रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या शब्दावरून. एकाच पुरुषाची भक्ती झुआरीच्या मुलखापासून क्षिप्रेपर्यंत पोचली होती. कालभैरवाच्या मस्तकावरील पगडीही शिंदे घराण्याची आठवण सांगते. ती महादजींनी प्रथम अर्पण केली अशी परंपरा आहे.

मुंबई सेंट्रलहून सायंकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी उज्जैनला पोचविते. उतरल्यावर प्रथम पोहे खावेत. माळव्यातील पोहे वाफेवर मऊ केलेले असतात. त्यांत बडीशेप असते, वर शेव आणि जिरावन नावाचा मसाला भुरभुरलेला असतो, आणि सोबतीला जिलबी. ओल्या नारळाच्या दडप्या पोह्यांवर वाढलेल्या जिभेला हा गोड-तिखट संसार आरंभी विचित्र वाटेल. दुसऱ्या दिवशी मात्र ती स्वतःहून मागणी करील. दुपारी दाल-बाफले घ्यावेत. बाफला म्हणजे कणकेचा गोळा. तो आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि तुपात बुडवितात. भात खाणाऱ्याने दोनांवर थांबणे शहाणपणाचे. त्यानंतर फिरण्याचा बेत कोणी आखू नये. म्हणून देवदर्शन सकाळीच उरकावे, आणि गर्दी नको असेल तर रविवार टाळावा.

कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवितात. पुजारी बशीत मद्य ओतून मूर्तीच्या ओठांशी धरतो आणि बाटलीत उरलेले प्रसाद म्हणून परत देतो. हे पाहून नवखा माणूस दचकतो. पण गोमंतकात आणि तळकोकणात देवचाराला दारू, विडी आणि रोट ठेवणाऱ्यांनी येथे नाक मुरडावे हे शोभत नाही. जपानातही देवस्थानांत साके या तांदळाच्या मद्याचा नैवेद्य असतो. एवढेच नव्हे, तर आपला महाकाल बौद्ध धर्माबरोबर तिथवर गेला आणि भाताच्या पोत्यांवर उभा राहणारा हसतमुख 'दाइकोकुतेन' होऊन लोकांना समृद्धी देऊ लागला! मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह १९ धार्मिक ठिकाणी मद्यविक्री बंद केली आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. कोणी चोरून बाटली पुढे केली तर घेऊ नये. फुले आणि नारळ वाहूनही दर्शन होतेच. दलालाचे साह्य नको, आणि रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. कालभैरव जयंतीला जावयाचे असेल तर ती आपल्या पंचांगातील कार्तिक वद्य अष्टमी. तिकडे महिना पौर्णिमेला संपत असल्याने तीच तिथी मार्गशीर्षात मोजतात.

जवळच क्षिप्रेच्या घाटावर सिद्धवट आहे. तेथे पितरांसाठी पिंडदान चालते. कोणाच्या दुःखाचे छायाचित्र घेऊ नये, एवढे सांगावे लागू नये.

दुपारनंतर छिपांच्या वस्तीत जावे. वितळलेले मेण ठशाने वा कुंचल्याने कापडावर लावतात. मग कापड रंगात बुडवितात. मेणाखालचा भाग कोरा राहतो. फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे असे अनेक वेळा करून शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतात. मेणाला तडे गेलेले असतात. त्यांतून रंग झिरपून शिरांसारख्या बारीक रेषा उमटतात. हीच बाटिकची ओळख. मेणाने रंग अडविण्याची ही विद्या जावा बेटात भरभराटली, आणि जपानातील नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील अशी वस्त्रे जपून ठेवलेली आहेत. उज्जैनच्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

परंतु मानांकनाने चूल पेटत नाही. यंत्रावर छापलेली नक्कल स्वस्त मिळते आणि दुरून तशीच दिसते. म्हणून घेणाऱ्याने कापड उलटून पाहावे. अस्सल बाटिकचा रंग मागील बाजूसही जवळजवळ तितकाच असतो. नकलेची पाठ फिकी असते. तड्यांच्या रेषा पाहाव्यात. हाताच्या कामात त्या कधीही जशाच्या तशा दुसऱ्यांदा येत नाहीत. छापील कापडात त्या ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात. एवढी पारख झाल्यावर कारागिराने सांगितलेल्या किमतीत फार ओढाताण करू नये. ओढणी कशी झाली हे विचारावे. वेळ असेल तर हा माणूस ठसा हातात देऊन दाखवितो.

छिपा हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. भैरवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाची कीर्ती त्यांच्या हातांनी दूरवर नेली आहे. ते हात पुढच्या पिढीत या कामात राहतील की नाही, हे सरकारी घोषणांपेक्षा दारात येणाऱ्या गिऱ्हाइकावर अधिक अवलंबून आहे. कारागिराच्या मुलाला बापाच्या धंद्यात मान दिसला आणि पोट भरताना दिसले, तरच तो ठसा उचलील. आमच्या तरुण यात्रिकांनी भैरवगढला एक दुपार द्यावी आणि येताना एक तरी अस्सल वस्त्र, करणाऱ्याच्या हातून घेऊन, घरी आणावे.