चौकट : दवाखाना सरकारचा की बिल सरकारचं?

जबाबदारी कोणाची : राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार 'सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये' हा राज्यांचा विषय. म्हणजे इंदूरच्या 'एमवाय' रुग्णालयाचा कारभार राज्याच्या राजधानीतून, भोपाळहून.

'एमवाय' : होळकर संस्थानचे महाराज दुसरे यशवंतराव यांच्या नावाचं हे सातमजली सरकारी रुग्णालय. महात्मा गांधी मेडिकल कॉलेजशी संलग्न. कॉलेज 1948 चं. इथे इमारत सरकारी, डॉक्टरही सरकारी.

आयुष्मान भारत : इथे सरकार फक्त बिल भरतं, रुग्णालय यादीतलं खासगीही चालतं. सुरुवात 23 सप्टेंबर 2018. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार. मध्य प्रदेशात खर्चाची वाटणी केंद्र 60, राज्य 40 टक्के. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्वांना लागू, उत्पन्नाची अट नाही.

खरी मेख पुढे आहे. योजना दाखल रुग्णांसाठी. दाखल होण्याआधीचे 3 आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस त्यात धरतात. पण साध्या तापाची तपासणी, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या हा खर्च ज्याचा त्याचा.

संजीवनी क्लिनिक : वस्तीतला मोफत सरकारी दवाखाना. राज्यात सुरुवात 2019 मध्ये, इंदुरातून.

नियंत्रक सरकार : दवाखाना चालवणं आणि बिल भरणं यांपलीकडची ही तिसरी भूमिका, चर्चेत सहसा मागे पडणारी. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषधांच्या मानवी चाचण्यांविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. 2013 मध्ये केंद्राने नियम बदलले. चाचणीत इजा वा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूद आली.

जुनं मूळ : आरोग्यविषयक भोर समिती, अहवाल 1946. शिफारस : पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये.

खर्च : 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातलं लक्ष्य, 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या 2.5 टक्के.