विश्लेषण : एका लेबलामागे दोन कोरी का निघतात? वेब स्क्रिप्टमधून लेबल प्रिंटरचा कागद कसा आवरायचा?

दुकानातील किमतीचे स्टिकर, कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता, पॅथॉलॉजी लॅबमधील रक्ताच्या नळीवरचे नाव... आता यातले बरेच काही ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून छापले जाते. पण ‘प्रिंट’ दाबल्यावर कोरी लेबले बाहेर पडणे किंवा मजकूर सरकत दोन लेबलांच्या मधोमध येणे, ही नेहमीची तक्रार. दुकानात यामुळे रोल वाया जातो. लॅबमध्ये मात्र चुकीच्या नळीवर चुकीचे नाव लागण्याचा धोका असतो. अनेकदा दोष प्रिंटरचा नसतो, त्याला मिळालेल्या सूचनांचा असतो.

लेबल कुठे संपले, हे प्रिंटरला कसे कळते?

रोलवरील दोन लेबलांमध्ये साधारण 2 ते 3 मिलिमीटरची फट असते. प्रिंटरमधला सेन्सर कागदातून आरपार जाणारा प्रकाश मोजतो. लेबल असते तिथे प्रकाश कमी जातो. फटीत फक्त मागचा कागद असल्याने जास्त जातो. काही रोलवर फटीऐवजी मागे काळी खूण असते. म्हणूनच वेगळ्या प्रकारचा रोल लावल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते.

सेटिंगमध्ये ‘कंटिन्युअस’, म्हणजे सलग कागद निवडला असेल, तर प्रिंटर फट शोधतच नाही. समजा, लेबल 25 मिलिमीटर आणि फट 2 मिलिमीटर आहे. एका लेबलामागे कागद 27 मिलिमीटर सरकायला हवा. सूचनेत 28 लिहिले, तर दरवेळी 1 मिलिमीटरची चूक साचते आणि 27 लेबलांनंतर कागद एका पूर्ण लेबलाने पुढे गेलेला असतो.

कोरी लेबले का येतात?

वेब पेजवरून दिलेली साधी प्रिंट आज्ञा ‘पाने’ छापते. लेबल ही कल्पना ब्राउझरला ठाऊक नसते. तो स्वतःच्या कडा सोडतो, कधी वर तारीख आणि खाली वेबपत्ताही जोडतो. मजकूर किंचित जरी पानाबाहेर गेला, तरी दुसरे पान तयार होते. तेच कोरे लेबल म्हणून बाहेर पडते.

उपाय सोपा आहे. सीएसएसच्या ‘पेज’ नियमात लेबलाचा नेमका आकार, उदाहरणार्थ 50 बाय 25 मिलिमीटर, आणि कडा शून्य द्यावी. मजकुराची चौकट त्याहून थोडी लहान ठेवावी. ड्रायव्हरमध्येही हाच आकार असावा. दोन्हीकडे वेगळी मापे असतील, तर गोंधळ कायम राहतो.

स्क्रिप्टला थेट कागद सरकवता येतो का?

येतो; त्यासाठी प्रिंटरच्या भाषेत बोलावे लागते. झेब्राच्या प्रिंटरसाठी झेडपीएल, तर टीएससीच्या प्रिंटरसाठी टीएसपीएल ही भाषा आहे. टीएसपीएलमध्ये ‘साइज’ आणि ‘गॅप’ या आज्ञा लेबलाचे आणि फटीचे माप सांगतात. ‘फॉर्मफीड’ कागद पुढच्या लेबलाच्या सुरुवातीला नेते, ‘बॅकफीड’ मागे ओढते.

‘फीड’चे माप ठिपक्यांत द्यायचे असते. 203 डीपीआयच्या प्रिंटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 8 ठिपके. म्हणून ‘फीड 80’ने कागद 1 सेंटिमीटर सरकतो. 300 डीपीआयच्या प्रिंटरवर हीच आज्ञा त्याला 7 मिलिमीटरही सरकवत नाही. प्रिंटर बदलला आणि स्क्रिप्ट तीच राहिली, की मजकूर सरकतो तो यामुळे.

मग अडचण कुठे?

सुरक्षिततेसाठी ब्राउझर वेब पेजला प्रिंटरच्या नेटवर्क पोर्टशी थेट जोडू देत नाही. क्रोममध्ये 2017 पासून वेबयूएसबीची सोय आहे, पण त्यासाठी एचटीटीपीएस आणि वापरणाऱ्याची परवानगी लागते. फायरफॉक्स आणि सफारीत ही सोय नाही. विंडोजवर प्रिंटरचा ड्रायव्हर आधीच यूएसबीचा ताबा घेऊन बसलेला असतो. त्यामुळे क्यूझेड ट्रे किंवा झेब्रा ब्राउझर प्रिंटसारखे मदतनीस सॉफ्टवेअर संगणकावर बसवून आज्ञा त्यामार्फत पाठवल्या जातात.

काय लक्षात ठेवावे?

‘पाठवले’ आणि ‘छापले’ यांत फरक आहे. रोल संपला असेल किंवा झाकण उघडे असेल, तरी स्क्रिप्टचे काम झाल्यासारखे दिसते. झेडपीएल आणि टीएसपीएल या दोन्हींत प्रिंटरची स्थिती विचारण्याची आज्ञा आहे. लॅबसारख्या ठिकाणी ते उत्तर आल्याशिवाय पुढच्या रुग्णाचे लेबल पाठवू नये. लेबल अर्धवट आले, तर ते फाडून टाकून पुन्हा छापावे. उरलेला भाग पुढच्या नळीवर जाऊ देऊ नये.