गंजाला गंज नको

आमच्या विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडावर चढतो तोही गंजच. लहानपणी या दोन गंजांची गल्लत कधी झाली नाही, कारण स्वयंपाकघरातले गंज पितळेचे किंवा स्टीलचे असत आणि चढणारा गंज सायकलवर असे. दोघांची गाठ पडली ती पार चाळिशी उलटल्यावर, सिअ‍ॅटलजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये, मी तीस लिटरच्या कोऱ्या स्टीलच्या गंजाला भोक पाडायला बसलो तेव्हा.

भोक बिअरसाठी. मी मूळचा वर्ध्याचा, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातला. त्यामुळे हे लिहितानाही एकदा मागे वळून पाहतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरी, घरच्यापुरती केलेली बिअर करमुक्त झाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २००. विकायची मात्र नाही. त्यात मी राहतो त्या वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या हॉप्सचं आगर. शेजारीपाजारी कुणी ना कुणी गॅरेजमध्ये बिअर लावलेली असते. मीही लावू लागलो.

यातलं अर्धं काम स्वयंपाकाचं आणि अर्धं विरजणाचं. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, ते साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, म्हणजे त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्स घालून उकळायचा आणि वीस अंशांपर्यंत निववायचा. इथपर्यंत हात थोडा मळका असला तरी चालतो, कारण उकळी सगळ्यांना पुरून उरते. पण काढा निवला की सोवळं सुरू. आता त्यात यीस्टचं विरजण पडणार, आणि आपण टाकलेल्या यीस्टआधी दुसऱ्याच कुणी तिथे घर केलं तर दोन आठवड्यांनी आंबूस पाणी ओतून द्यावं लागतं. आजी लोणच्याची बरणी धुऊन, उन्हात वाळवून, वर दादरा बांधायची आणि ओला चमचा घालणाऱ्याचा हात धरायची, ते याच भीतीने.

काढा आंबवायला बहुतेकजण प्लॅस्टिकच्या बादलीपासून सुरुवात करतात. ती स्वस्त, पण घासणीचे ओरखडे पडले की त्यांत जंतू बसतात, आणि हॉप्सचा वास तर तिला कायमचा लागतो. काचेची मोठी बाटली स्वच्छ, पण वीस लिटर भरलेली काच ओल्या हातांनी उचलणं हे धाडस मी दोनदाच केलं. उरलं स्टील. तयार फर्मेंटरची, म्हणजे आंबवायच्या भांड्याची, किंमत पाहून मी दुकानात गेलो तो खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन. ३०४ जातीच्या स्टीलला, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, चुंबक जवळपास चिकटत नाही. चौथ्या पातेल्यावरून चुंबक घसरून खाली पडलं, ते घेतलं. काढा १९ लिटरच घालायचा. वरची जागा फेसाला.

पहिला धडा भोकानेच दिला. तळापासून दोन बोटं वर, १३/१६ इंचाचं भोक हवं होतं, म्हणजे खाली बसलेला गाळ न ढवळता बिअर काढता येते. मी लाकडाला लावतात तसं ड्रिल भरधाव सोडलं. किंचाळल्यासारखा आवाज झाला, जळक्या तेलाचा वास आला, बिटाचं टोक निळं पडलं आणि पातेल्यावर उमटला फक्त एक चकचकीत ठिपका. हे स्टील घासलं की मऊ पडण्याऐवजी तिथल्या तिथे आणखी कडक होतं. त्याला हळू फिरणारं बिट, वरून भरपूर दाब आणि सतत तेल लागतं. ठिपक्याच्या शेजारून पुन्हा सुरुवात केली तेव्हा कुरळ्या, चंदेरी तारा बाहेर पडू लागल्या. भुगा न पडता तार सुटली, म्हणजे बिट घासत नाही, कापतंय.

भोकात नळी, आतबाहेर नट, मध्ये सिलिकॉनची ओ-रिंग आणि बाहेर तोटी असा बिनवेल्डिंगचा जोड बसवला. पातेल्याची भिंत गोल आणि वॉशर सपाट, त्यामुळे पहिल्या रात्री खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर रुपयाएवढा ओला डाग पडला. आणखी आवळलं, डाग थांबला. झाकणाच्या काठाला सिलिकॉनची चिरलेली नळी घातली, चिमटे लावले आणि मधल्या भोकात एअरलॉक बसवला. आतला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. झाकण घट्ट बंद करून चालत नाही. वायू कोंडला तर पातेल्याचा बॉम्ब होईल.

पहिल्या दोन खेपा झकास झाल्या. काढ्याची सापेक्ष घनता १.०५० वरून १.०१२ वर उतरली, म्हणजे सुमारे पाच टक्के मद्यार्क. तिसरी खेप मात्र ताकासारखी आंबली. पातेलं आरशासारखं होतं, म्हणून मी आधी यीस्टला दोष दिला, मग पाण्याला. शेवटी जोड उकलला. ओ-रिंगच्या मागे तपकिरी, बुळबुळीत चकती जमली होती. तोटीतल्या गोळ्याच्या पाठीमागे तसाच थर. वरून कितीही जंतुनाशक ओतलं तरी तिथवर ते पोचत नव्हतं. त्या दिवशी कळलं की भांडं कधी नासत नाही, नासतो तो जोड.

मग मी पातेलं घेऊन गल्लीतल्या एका निवृत्त वेल्डरकडे गेलो. त्याची हयात दुधाच्या कारखान्यातल्या नळ्या जोडण्यात गेलेली. त्याने माझं भोक पाहिलं, काही बोलला नाही, ते वाढवून दीड इंची नळीच्या मापाचं केलं आणि त्यात तशा नळीचा तुकडा बसवला. मग टॉर्च पेटवायच्या आधी अर्धा तास त्याने पातेल्याच्या आतच घालवला. जोडाच्या आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलची डबी चिकटवली, तिच्या तळाशी आर्गॉन वायूची नळी खोचली आणि वर टाचणीएवढं छिद्र ठेवलं. आर्गॉन हवेपेक्षा जड, तो खालून भरत जातो आणि हवेला वरून हाकलतो. बाहेरच्या बाजूला टॉर्च स्वतःचा आर्गॉन सोडतेच; पण आत हवा राहिली तर तापलेलं स्टील मागून जळतं आणि काळी, खरखरीत रवाळी धरते. वेल्डर त्याला साखर म्हणतात. ‘साखर झाली की जंतूंची सोय झाली,’ तो म्हणाला.

आधी समोरासमोर चार टाके, कारण मिलिमीटरभर जाडीचा पत्रा एकीकडून तापला की वाकतो. मग टॉर्चच्या टंगस्टनच्या टोकापुढे दाण्याएवढं द्रव तळं तयार झालं. त्यात तो तार टेकवायचा, उचलायचा, पुढे सरकायचा. मागे कलंडलेल्या नाण्यांच्या चळतीसारखी रेघ उमटत गेली. फॉइल काढली तेव्हा आतली रेघ गव्हाच्या काडीच्या रंगाची होती. हा रंगही त्याने ठेवला नाही. रंग म्हणजे तिथलं क्रोमियमचं कवच बिघडल्याची खूण. हे कवच काही नॅनोमीटर जाडीचं, पण गंजाला अडवतं तेच. रंग घासून काढला, सायट्रिक आम्लाने पुसला, म्हणजे उघडं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन नवं कवच धरतं. निघताना दोन पथ्यं सांगितली: लोखंडी तारेची घासणी नाही, क्लोरीनचं ब्लीच नाही. पहिलीचे कण स्टीलवर राहून गंजतात, दुसऱ्याने बारीक खड्डे पडतात.

आता त्या तुकड्याला तोटी चिमट्याने लागते, हाताने निघते आणि दर खेपेला तिचे तीन तुकडे होऊन गरम पाण्यात पडतात.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. गॅरेजमध्ये तोटी सुटी करत होतो तिथे ती येऊन उभी राहिली.

‘एवढा चांगला गंज फोडला काहून रे?’

कशासाठी ते तिला माहीत होतं. नाव मी घेतलं नाही, तिनेही विचारलं नाही. तुकडे पाहून म्हणाली, ‘कुकरची शिट्टी अशीच खोलून धुवावी लागते, नाहीतर डाळ बसते आत.’ मग भांड्यांच्या दुकानात करते तसं बोटाच्या पेराने गंज वाजवला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि दुसरीकडेच बघत जोडावरून बोट गोल फिरवलं.

‘लागत नाही हाताला,’ ती म्हणाली.

हात बाहेर काढून तिने हुंगून पाहिला. कसलाच वास नव्हता. तरी जाऊन साबणाने धुतला.