लहान क्रॉसओव्हर गाडीची पारख

हल्लीं आपल्या शहरांतील कोणत्याही हमरस्त्यावर क्षणभर उभें राहिलें असतां उंच बांध्याच्या परंतु आंखूड लांबीच्या मोटारींची रांगच दृष्टीस पडते. ह्या गाड्यांस कोणी 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात, कोणी 'क्रॉसओव्हर' म्हणतात. मध्यम स्थितींतील कुटुंब मागील कित्येक वर्षांची शिल्लक आणि पुढील कित्येक वर्षांचे हप्ते एकत्र करून अशी गाडी विकत घेतें, व तींत आपलीं मुलेंबाळें बसवितें. तेव्हां केवळ रंगरूप पाहून अशा वस्तूची निवड करणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून तिच्या पारखीचीं कांहीं साधीं मापें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय तें पाहूं. जुन्या जीप गाडीचा खालचा पोलादी सांगाडा निराळा असे व त्यावर वरचा सांठा बसविलेला असे. क्रॉसओव्हर गाडींत सांगाडा व सांठा हीं साध्या मोटारीप्रमाणें एकजीव असतात. फक्त गाडी उंच केलेली असते. टोयोटा कंपनीची १९९४ सालीं निघालेली 'रॅव्ह४' ही ह्या जातीच्या आरंभींच्या प्रसिद्ध गाड्यांपैकीं एक होय. एकजीव बांधणीमुळें वजन कमी होतें व प्रवास सुखाचा होतो. परंतु आपल्याकडील बहुतेक लहान क्रॉसओव्हर गाड्यांत इंजिनाची शक्ति केवळ पुढच्याच दोन चाकांस मिळते. म्हणून चिखलाच्या शेतांत किंवा समुद्रकांठच्या वाळूंत ती जीपचें काम करील अशी अपेक्षा ठेवूं नये. डोंगरी पोशाख केलेला हा शहरी गृहस्थच होय !

आतां तिची लांबी चार मीटरांच्या आंतच कां असते, असा प्रश्न विचारी विद्यार्थ्याच्या मनांत येईल. त्याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नसून करपद्धतींत आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत भारत सरकारनें ४००० मिलिमीटरांहून लांब नसलेल्या आणि पेट्रोलचें १२०० किंवा डिझेलचें १५०० घन सेंटिमीटरांपर्यंतचें इंजिन असलेल्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या मर्यादेंतील गाड्यांवर वस्तु व सेवा कर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के ठरला. ह्यामुळें कारखानदार गाडी ३९९५ मिलिमीटरांच्या आसपास आणून थांबवितात. ग्राहकाचे पैसे वांचतात हें खरें. परंतु कापलेली लांबी बहुधा मागील आसनांतून किंवा डिकींतून गेलेली असते. तेव्हां घरांतील सर्वांत उंच मनुष्य मागें बसवून त्याचे गुडघे पुढील आसनास लागतात कीं काय, हें दुकानांतच पाहून घ्यावें.

उंचीचा लाभ उघड आहे. जमिनीपासून गाडीच्या तळाचें अंतर २०० मिलिमीटरांच्या घरांत असल्यानें आमच्या खेड्यांतील खड्डे व शहरांतील बेढब गतिरोधक ह्यांवर तळ घासत नाहीं. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांस आंत बसणें व बाहेर उतरणें सोपें जातें. परंतु ह्या लाभाचें मोलही द्यावें लागतें. काड्यापेटी पाटीवर आडवी ठेवून पाटी तिरपी करावी. नंतर तीच पेटी उभी ठेवून पाहावी. उभी पेटी थोड्याशा उतारावरच कलंडते, कारण तिचा गुरुत्वमध्य उंच व पाया अरुंद असतो. हाच नियम मोटारीस लागू आहे. चक्राकार घाटांत किंवा अकस्मात् वळण घेतांना उंच गाडी सखल गाडीपेक्षां लवकर तोल गमावते. चाकांवर आपोआप ब्रेक लावून घसरण आवरणारी यंत्रणा, जिला ईएससी म्हणतात, ती गाडींत आहे कीं नाहीं हें अवश्य विचारावें.

सुरक्षिततेचें उदाहरण म्हणून पुण्याजवळील रांजणगांव येथें तयार होणारी टाटा कंपनीची 'नेक्सॉन' घेऊं. ही २०१७ सालीं बाजारांत आली. डिसेंबर २०१८ मध्यें ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेच्या धडक-परीक्षेंत तिला प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबद्दल पांच तारे मिळाले, आणि असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. परंतु त्याच परीक्षेंत बालकांच्या रक्षणाबद्दल तिला तीनच तारे मिळाले होते. पुढें २०२४ सालीं सुधारलेल्या गाडीनें अधिक कठीण परीक्षेंत दोन्ही ठिकाणीं पांच तारे मिळविले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशांतही 'भारत एनकॅप' ही परीक्षा सुरू झाली आहे. ह्यावरून घ्यावयाचा धडा हा, कीं जाहिरातींतील ताऱ्यांचा एकच आंकडा न वाचतां बालकांचा आंकडाही वाचावा.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही समोरासमोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगानें देतात, व आंतील पुतळ्यांस पट्टे बांधलेले असतात. धडकेची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ताशी ८० किलोमीटर वेगास ती दीडपटीहून अधिक होते. मुलाला मांडीवर घेऊन पुढें बसणाऱ्या मातापित्यांस पांच तारे वांचवूं शकत नाहींत. उलट फुगणारी एअरबॅगच त्या बालकास घातक होते. लहान मुलांस मागील आसनावर, त्यांच्या मापाच्या बालआसनांतच बांधून बसवावें. शिवाय उंच बॉनेटमुळें गाडीच्या अगदीं पुढें उभें असलेलें मूल चालकास दिसत नाहीं. शाळेच्या फाटकापाशीं गाडी हलविण्यापूर्वी हें विसरूं नये.

मायलेजाविषयीं थोडें सांगून लेख आवरतों. कंपन्या सांगतात तो आंकडा रूळांवर चाके फिरवून प्रयोगशाळेंत काढलेला असतो. गर्दी, चढ, वातानुकूलन व भरलेली डिकी ह्यांमुळें प्रत्यक्षांत तो कमी येतो. उंच गाडीस हवेचा विरोधही अधिक होतो, हें वेगळेंच. घरांत दोनच माणसें व रस्ते चांगले असल्यास साधी लहान मोटार कमी खर्चांत तेंच काम करील. परंतु वृद्ध मातापिता, दोन मुलें आणि पावसाळ्यांत गांवाकडे नेणारा खड्ड्यांचा रस्ता असा ज्यांचा नित्यक्रम आहे, त्यांस ही क्रॉसओव्हर खरोखर उपयोगी पडेल. शेजाऱ्यानें कोणती घेतली हें न पाहतां आपल्या घरांत माणसें किती व आपला रस्ता कसा, हें आधीं पाहावें. मग दुकानाची पायरी चढावी.