चार महिन्यांचा खाडा

पावसाळा आला की माथेरानची गाडीसुद्धा फेऱ्या कमी करते. १९०७ पासून नेरळहून डोंगर चढणारी ही छोटी गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात बंद असते. वरच्या वर, अमन लॉज ते माथेरान एवढीच तिची ये-जा चालू राहते. घाटात दरडी येतात, रुळांखालची खडी वाहून जाते, म्हणून हा बंदोबस्त. पाऊस ओसरला, रूळ तपासले, की गाडी पुन्हा सुरू. रेल्वेतल्या कोणाला याची लाज वाटल्याचं ऐकिवात नाही.

माणसांचं तसं नसतं. जानेवारीत पहाटे उल्हासच्या काठाने पाऊण तास झपाझप चालणारा कर्जतकर जुलैत आठवड्यातून दोनदा कसाबसा बाहेर पडतो आणि उरलेले पाच दिवस मनात स्वतःला शिव्या घालतो. खोपोलीतल्या जिममध्ये वर्षाची फी भरलेला तरुण कामाच्या पाळ्या बदलल्या की महिनाभर तिकडे फिरकत नाही आणि मग ‘आता काय तोंड घेऊन जायचं’ म्हणून पुढचा महिनाही घालवतो. व्यायाम कमी झाल्याने शरीराचं जे नुकसान होतं, त्यापेक्षा या दुसऱ्या, रुसलेल्या महिन्याने होणारं नुकसान मोठं असतं. त्याविषयी मात्र फारसं कोणी बोलत नाही.

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. डोंगरवाटा निसरड्या होतात, धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बंदी घालतं, आणि ते योग्यच आहे. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, त्यानंतर इर्शाळगडाकडे पाहण्याची इथल्या माणसांची नजरच बदलली. शिवाय मुंबईला नोकरी करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. कर्जत ते सीएसएमटी सुमारे शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन चार-साडेचार तास लोकलमध्ये जातात, आणि पावसात गाड्या रखडल्या तर किती तास ते विचारू नये. अशा माणसाचा व्यायाम कमी होतो तो आळसामुळे, हे निदान फार घाईचं आहे.

तरी टोचणी लागतेच. त्याची मुळं जुनी आहेत. मराठी घरांत व्यायामाला नित्यनेमाचं सोवळं आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या मुलांना कौतुकाने सांगितली गेली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो रोजचा परिपाठ म्हणूनच. त्या काळी व्यायाम हा राष्ट्रकार्याचा भाग होता, त्यामुळे खाडा पडणं म्हणजे जवळजवळ कर्तव्यात कसूर. आता ते काम मनगटावरचं घड्याळ करतं. ‘सलग ४३ दिवस’ अशी शाबासकी देणारं यंत्र ४४व्या दिवशी शून्य दाखवतं, जणू आधीचे दिवस झालेच नव्हते.

या यंत्राचा लाडका आकडा, रोज दहा हजार पावलं, प्रयोगशाळेतून आलेला नाही. जपानमधल्या यामासा कंपनीने १९६५ मध्ये पावलं मोजणारं उपकरण बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, आणि गोल आकडा म्हणून तो जगभर चिकटला. हार्वर्डच्या संशोधक आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आकडा वाढला तरी फायदा फारसा वाढत नव्हता. ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हे. तरीही साडेसहा हजारांवर अडकलेल्या माणसाने रात्री अकरा वाजता घरातल्या घरात फेऱ्या मारत बसण्याचं कारण त्यात सापडत नाही.

टोचणी किती खोल जाऊ शकते, याचा एक मजेदार पुरावा १९७० सालचा आहे. फ्रेडरिक बेकलंड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाला व्यायाम थांबवल्यावर झोपेवर काय परिणाम होतो ते बघायचं होतं. त्यासाठी त्याला जवळजवळ रोज व्यायाम करणारी माणसं हवी होती, आणि त्यांनी महिनाभर तो बंद ठेवायचा होता. पैसे देऊ केले तरी कोणी तयार होईना! शेवटी त्याला आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावं लागलं. त्यांचीही झोप बिघडली, बेचैनी वाढली. म्हणजे व्यायाम तुटल्यावर वाटणारी अस्वस्थता खरी असते, ती नुसती कल्पना नव्हे. फक्त ती शरीर खचत चालल्याची खूण आहे असं समजण्यात चूक होते.

शरीर खरंच किती वेगाने खचतं? याचं सर्वात उपयोगी उत्तर शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शोधलं. त्यांनी काही लोकांना दहा आठवडे कडक व्यायाम दिला: आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं, एक दिवस सायकल तर दुसऱ्या दिवशी धावणं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दमसास म्हणतो त्याचं मोजमाप, वीस टक्क्यांच्या आसपास वाढली. मग पुढचे पंधरा आठवडे हा व्यायाम वेगवेगळ्या प्रकारे कापला. एका प्रयोगात सहा दिवसांचे चार किंवा दोनच दिवस केले, जोर आणि वेळ तेवढाच. दोनच दिवस व्यायाम करणाऱ्यांनीही कमावलेली क्षमता टिकवली. दुसऱ्या प्रयोगात दिवस सहाच ठेवले, पण ४० मिनिटांची २६ किंवा १३ मिनिटं केली. पुन्हा तेच. कमाल क्षमता टिकली. फक्त तेरा मिनिटंवाल्यांची फार वेळ दम धरण्याची ताकद थोडी घटली. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटं तशीच ठेवून जोर कमी केला, आणि इथे मात्र क्षमता घसरली.

कमावायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी कमी टिकवायला लागतं, हा या प्रयोगांचा अर्थ. पंधरा आठवडे म्हणजे साडेतीन महिने. कोकणातल्या पावसाळ्याचं माप जणू हिक्सन यांनीच घेतलं होतं. अट एकच. जे थोडं करायचं ते रेंगाळत करायचं नाही. आठवड्यातून दोनदा, पण बोलताना धाप लागेल इतक्या वेगाने. पंधरा मिनिटं जिने चढणं हे पाऊण तास छत्री सांभाळत केलेल्या फेरफटक्यापेक्षा दमसासाच्या दृष्टीने जास्त कामाचं. कर्जत स्टेशनचा पूल रोज दोनदा भराभर चढणारा माणूस स्वतःला ‘हल्ली काहीच होत नाही’ म्हणतो, तेव्हा तो जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने चुकीचं बोलत असतो. आठवड्याला मध्यम जोराची दीडशे मिनिटं, किंवा जोमदार असतील तर पंच्याहत्तर, हे तिचं माप. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकण्यात आली.

स्नायूंच्या ताकदीचं गणित तर याहून उदार आहे. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात तरुणांना आणि साठी ओलांडलेल्यांना आठवड्यातून तीनदा, असे सोळा आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. नंतरचे बत्तीस आठवडे काहींचा व्यायाम एक तृतीयांशावर आणला, काहींचा तर एक नवमांशावर: आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. ताकद बहुतेकांची टिकली. स्नायूंचा आकार तरुणांनी नवमांशावरही राखला. ज्येष्ठांचा मात्र घटला. तेव्हा वय वाढलेल्यांनी कपात जरा हात राखून करावी.

आणि समजा पूर्णच बंद पडलं तर? एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये कसलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस थांबवून पाहिला. पहिल्या तीन आठवड्यांत क्षमता सुमारे सात टक्क्यांनी घटली, आठ आठवड्यांपर्यंत सोळा टक्क्यांनी, आणि तिथे ती बरीचशी स्थिरावली. स्नायूंत वाढलेलं सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं तीन महिन्यांनीही तसंच होतं. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्याने होते. हृदय दर ठोक्याला थोडं कमी रक्त फेकतं, म्हणून पंधरा दिवसांनी चढ चढताना छाती भरून येते आणि माणसाला वाटतं, सगळं गेलं! पण तो द्रवभाग व्यायाम सुरू झाला की सर्वात आधी परत येतो.

खाटेवर पडून राहणं हा मात्र वेगळाच प्रकार. १९६६ मध्ये डॅलस इथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांची क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. व्यायाम कमी करणं आणि हालचाल थांबवणं यांत एवढं अंतर आहे, आणि टोचणी लावून घेणारी माणसं नेमकं हेच अंतर विसरतात.

नियम मोडला की सवयही मोडते, ही भीतीही फुगवलेली आहे. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एखादी नवी सवय लावून घ्यायला सांगून तिची नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला गणिताच्या अंदाजाने २५४. मध्ये एखादा दिवस चुकला तरी त्याने फारसा फरक पडला नाही. चुकल्यावर स्वतःला झोडपल्याने शिस्त येते, हाही समज तपासून पाहावा असा. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या परीक्षेचा अभ्यास टाळलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला टाळाटाळ कमी केली. परीक्षा आणि बैठका यांत फरक आहे हे मान्य. पण लाज वाटली की माणूस त्या गोष्टीपासून तोंड चुकवतो, हे जिमची पायरी चढायला कचरणाऱ्या कोणालाही पटेल.

ऋतूप्रमाणे व्यायाम कमी-जास्त करावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अष्टांगहृदयात वाग्भटाने सांगितलं आहे की सशक्त माणसानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही हिवाळ्यात आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून हलका. अति व्यायामाचे तोटेही त्याने नोंदवले आहेत. हिक्सन यांचा जोराविषयीचा निष्कर्ष त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि जुळवत बसण्याची गरजही नाही. वर्षाचे बारा महिने एकाच मापाने चालावेत हा आग्रह त्याचा नव्हता, एवढं पुरे.

तो आग्रह कर्जतच्या शेतीचाही नाही. इथली भातशेती चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी अशा टप्प्यांनी चालते. जुलैत लावणीला दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून रोपं लावणाऱ्या ठाकूर, कातकरी बायांना त्या महिन्यात व्यायाम कमी झाल्याची खंत असण्याचा प्रश्नच नाही. त्यांची तक्रार कंबरेची असते. लावणी सरली की काम हलकं होतं, कापणीला पुन्हा चढतं. या कष्टांचं गोडवे गाऊन वर्णन करण्याचं कारण नाही, कारण त्यात निवड नसते. पण वर्षभर सारखा ताण ही माणसाच्या शरीराची रीत कधी नव्हती, हे शेताच्या बांधावरून सरळ दिसतं. शर्यतींचे खेळाडूही हेच जाणूनबुजून करतात. स्पर्धेआधीचे सुमारे दोन आठवडे ते सरावाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतात, वेग मात्र तसाच ठेवतात. २००७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा कामगिरी सर्वात सुधारली ती अशाच कपातीने.

एक गट मात्र या सवलतीबाहेरचा आहे. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो, पण तो परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरतो. म्हणून टाइप टू मधुमेहात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये असं डॉक्टर सांगतात. अशांनी दिवस कापण्याऐवजी मिनिटं कापावीत. पाऊस कोसळत असला तरी जेवणानंतर पडवीत दहा मिनिटं चालणं त्यांना शक्य असतं. आणि ज्याला ताप असतानाही, मुरगळलेल्या घोट्यावरही बाहेर पडल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने व्यायाम वाढवण्या-कमी करण्याचा विचार सोडून आधी एखाद्या समुपदेशकाशी बोलावं.

राहिला ऑक्टोबर. भात कापणीला येतं, वाटा सुकतात आणि चार महिने दबलेली हौस एकदम उसळी मारते. पहिल्याच रविवारी खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर गाठायचा बेत ठरतो. दमसास बहुधा साथ देतो. फजिती होते ती उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकलचा दांडा धरून बसावं-उठावं लागतं. याला एक स्वस्त उपाय आहे. अशा उतरणीची एक छोटी फेरी आधी झाली, की स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाला बऱ्यापैकी तोंड देतात. आंबिवलीहून पेठचा किल्ला, किंवा माथेरानहून नेरळपर्यंत पायी उतरून येणं, यांतलं एक काहीतरी पंधरा दिवस आधी करून ठेवलं तर भीमाशंकरहून परतल्यावर सोमवारी जिना धड उतरता येतो.