कढईतील तेलाची नाडीपरीक्षा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने तेल आणि वीज यांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपणा सर्वांचाच हा पोटाचा प्रश्न आहे. पाळी सुटली की कामगार वडापावच्या गाडीवर थांबतो, आपणही थांबतोच. त्या कढईतील तेल अजून चांगले आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

रंगावरून, असे पुष्कळांना वाटते. परंतु रंग फसवतो. बेसनाच्या जळक्या चुऱ्याने तेल लवकर काळवंडते; उलट जुन्या तेलात ताजे ओतले की तेही उजळ दिसते.

खरा बदल तेलाच्या रेणूंत घडतो. तळताना उष्णता, हवेतील ऑक्सिजन आणि पदार्थातील पाणी यांमुळे हे रेणू फुटतात व नव्या रीतीने जोडले जातात. अशा नव्या रेणूंवर एकीकडे किंचित धन, तर दुसरीकडे किंचित ऋण विद्युतभार असतो. म्हणून त्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. विद्युतक्षेत्रात ते होकायंत्राच्या सुईसारखे वळू पाहतात. त्यांची संख्या वाढली की तेलाचा परावैद्युत स्थिरांकही वाढतो.

तेलमापकाच्या सळईच्या टोकाशी एक छोटे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. सळई गरम तेलात बुडवली की त्याची धारकता मोजली जाते आणि ध्रुवीय संयुगांचे प्रमाण टक्क्यांत दिसते. प्रयोगशाळेतील रासायनिक पद्धतीपेक्षा हे काम फार लवकर होते. मात्र एक पथ्य पाळावे लागते. तेलाचा हा स्थिरांक सुमारे ३, तर पाण्याचा सुमारे ८० असतो. म्हणून वडे काढून बुडबुडे थांबल्यावरच मोजावे. नाहीतर पाण्यालाच आपण बिघाड समजू. शिवाय हे मापक भेसळीची परीक्षा करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भारतात १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढचे तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल जैवडिझेलकडे वळवण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली.

तेल फेकणे म्हणजे गाडीवाल्याने आपल्या कमाईचा वाटा फेकणे. म्हणून केवळ रंग पाहून त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. मापक स्वस्त नाही, हे खरे. पण दहा-वीस गाड्यांनी मिळून एक घेतले, तर तेल कधी टाकावे हे कळेल आणि कधी टाकू नये हेही कळेल. त्यात खाणाऱ्याचे हित आहे, तसेच तळणाऱ्याचेही.